जैसलमेर येथील पटव्यांची हवेली आणि आपले इंदूर

प्रास्ताविक

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांची जैसलमेरची यात्रा एकदा तरी झालेली असते. किल्ल्यावरील जिनमंदिरे, तेथील प्राचीन ज्ञानभांडार, लोद्रवा व अमरसागर येथील दर्शन आटोपले की परतीच्या गाडीला थोडा अवकाश उरतो, आणि मग वाटाड्या यात्रेकरूंना गावातील एका अरुंद गल्लीत आणून उभे करतो. तेथे पाच घरे एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी आहेत. हीच ती पटव्यांची हवेली. मंडळी माना वर करून पाहतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात.

पहिल्या खेपेस मीही तेच केले. परंतु बरोबर असलेल्या माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, हे घर आपल्याच लोकांनी बांधले असे हे गृहस्थ सांगतात. मग ते लोक गेले कोठे? आणि एवढे घर सोडून का गेले?" मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारा जन्म धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेला. तरीही घरी परतल्यावर मिळतील ती पुस्तके वाचली, पुन्हा एकदा जाऊन ते घर सावकाश पाहिले आणि जे समजले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. यात विद्वत्तेचा आव नाही. मात्र नातवाने विचारलेला प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरातही उभा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव आणि व्यापारी मार्ग

जैसलमेर हे गाव रावळ जैसल यांनी ११५६ साली वसविले. चहूकडे वाळवंट, पाऊस वर्षाला जेमतेम सहा-सात इंच, पिण्याच्या पाण्यासाठी गडीसर तलावाचाच मुख्य आधार. अशा ठिकाणी शेतीवर मोठे नगर उभे राहणे शक्य नव्हते. जैसलमेर उभे राहिले ते मार्गावर. गुजरात, माळवा व मारवाड येथून सिंध, मुलतान आणि पुढे अफगाणिस्तानाकडे जाणारे उंटांचे तांडे या गावावरून जात. तांड्यांना पाणी, मुक्काम, संरक्षण, माल ठेवण्यास जागा आणि हुंडी वटविण्यास पेढी लागे. या साऱ्या सोयी जेथे मिळत तेथे राजाला जकात मिळे आणि व्यापाऱ्याला नफा. आपल्या जैन व्यापाऱ्यांची वस्ती या गावात शतकानुशतके राहिली त्याचे कारण हेच होय. किल्ल्यातील मंदिरांचा खर्चही याच व्यापारातून निघाला.

वाळूच्या सागरातील या बंदराचे महत्त्व ध्यानात घेतले म्हणजे, जेथे गवताची काडी उगवणे कठीण तेथे एवढ्या नक्षीचे घर कसे उभे राहिले, याचा उलगडा होतो.

बांधणारे घराणे

हे घराणे ओसवाल जैन, गोत्र बाफना. रेशीम, कलाबतू, सोन्याचांदीची जर अशा मालाच्या धंद्यावरून त्यांना 'पटवा' हे नाव पडले आणि पुढे तेच आडनावासारखे रूढ झाले. गुमानचंद पटवा यांनी १८०५ साली पहिली हवेली बांधावयास घेतली. त्यांना पाच पुत्र होते : बहादुरमल, सवाईराम, मगनीराम, जोरावरमल आणि प्रतापचंद. पाच पुत्रांसाठी पाच घरे अशी ही योजना असून सर्व काम पुरे होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. म्हणजे ज्याने पाया घातला त्याने कळस पाहिला नाही.

या भावांच्या पेढ्या जैसलमेरपुरत्या मर्यादित नव्हत्या. कोटा, झालरापाटण, रतलाम, उदयपूर आणि आपले इंदूर या ठिकाणी त्यांचा कारभार चाले. जरीच्या मालापासून सुरुवात झालेला धंदा पुढे सावकारी, हुंडी आणि राज्यांना कर्ज देणे येथवर वाढला. धर्मकार्यातही त्यांचा हात सढळ होता. पाचही भावांनी मिळून शत्रुंजयाचा मोठा संघ काढला. अमरसागर येथील तळ्याकाठचे सुंदर आदीश्वर मंदिर याच घराण्यातील हिम्मतराम बाफना यांनी विक्रम संवत् १९२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १८७१ च्या सुमारास, बांधविले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला विशेष वाटले ते या वाटणीचे. पाच भाऊ वेगळे झाले, प्रत्येकाची चूल वेगळी, जिना वेगळा, दार वेगळे. परंतु भिंती एकमेकींस लागून, दर्शनी रूप एकाच जातीचे आणि गल्ली एकच. वेगळे व्हावे लागेल हे वडिलांनी आधीच ओळखले आणि त्याची तरतूद घर बांधतानाच करून ठेवली. आपल्याकडे वाटणी बहुधा बाप गेल्यावर आणि वकिलाच्या कचेरीत होते. गुमानचंदांनी ती आपल्या हयातीत, दगडात करून ठेवली.

घराची रचना

आता घर पाहू. ज्यांना पुन्हा जाण्याचा योग येईल त्यांना नेमके काय पाहावे हे कळावे, म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

पहिली गोष्ट दगड. हा पिवळा दगड जवळच्याच खाणींतला. भूशास्त्रज्ञ सांगतात की हे थर कोट्यवधी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, समुद्राच्या तळाशी साचले. आज जेथे वाळू उडते तेथे एकेकाळी लाटा होत्या. खाणीतून नुकताच काढलेला हा दगड छिन्नीला लवकर वश होतो. म्हणूनच लाकडावर करावी तशी बारीक जाळी त्यावर कोरता आली. हे कोरीव काम करणारे कारागीर सिलावट म्हणून ओळखले जातात. ते धर्माने मुसलमान आणि पिढीजात पाथरवट. जैन शेठाचे धन आणि मुसलमान कारागिराचा हात यांच्या मेळातून ही हवेली झाली, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. याच गावातील नथमल यांची हवेली, जी १८८५ साली पुरी झाली, ती हाथी आणि लालू या दोघा सिलावट बंधूंनी घडविली. एकाने डावी बाजू घेतली, दुसऱ्याने उजवी. दुरून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जवळ जाऊन पाहिले की नक्षी निराळी.

दुसरी गोष्ट जोडणी. ज्या मुलखात पिण्याला पाणी नाही तेथे चुना भिजविण्यास पाणी कोठून आणावे? त्यामुळे येथे दगडाला खाच व त्यात बसणारी जीभ पाडून, जरूर तेथे लोखंडी पट्टीचा आधार देऊन, दगडावर दगड कोरडेच बसविण्याची रीत होती. एकेक भाग खाली बसून कोरावयाचा आणि मग वर चढवून आपल्या जागी बसवावयाचा. यामुळे एखादा तुकडा फुटला तर तेवढाच काढून नवा बसविता येतो. लाकूड मात्र दुर्मिळ, म्हणून ते दारे व छताच्या तुळया यांपुरतेच वापरलेले दिसते. तुळयांवर मातीचे जाड थर घालून गच्ची केली जाते. उन्हाचा ताप त्या मातीत जिरतो.

तिसरी गोष्ट दर्शनी भाग. जमिनीलगत उंच जोते व पायऱ्या आहेत, म्हणजे उडणारी वाळू उंबऱ्याशी अडते. जोत्यावर भिंत जाड व बरीचशी सपाट आहे. जसजसे वर जावे तसतशी भिंत हलकी होत जाते आणि झरोके बाहेर येऊ लागतात. पाचही घरांचे मिळून सुमारे साठ सज्जे सांगतात. प्रत्येकावर कमानदार छत, खाली कोरलेल्या घोड्या, मध्ये जाळी. वरवर पाहता ही केवळ श्रीमंतीची हौस वाटते. परंतु भर दुपारी गल्लीत उभे राहिले की कळते, वरचा झरोका खालच्या भिंतीवर सावली धरतो. नक्षीच्या खोबणीखोबणीत सावली असते, त्यामुळे दगड सपाट भिंतीइतका तापत नाही. गल्ली अरुंद ठेवली आहे तीही त्याचसाठी. जाळीतून झळ व धूळ अडते, वारा मात्र आत येतो. घरातील स्त्रियांना बाहेरचे दिसे आणि बाहेरच्यास आतले दिसत नसे, हा त्या काळच्या पडद्याच्या चालीचा भाग झाला. आज ती चाल नको, पण ती खिडकी मात्र आपल्या काचेच्या तावदानांपेक्षा शहाणी आहे, असे म्हणावे लागते.

चौथी गोष्ट आतील चौक. दारातून आत गेले की सरळ चौक दिसत नाही. बाहेरच्याची दृष्ट आत जाऊ नये अशी वळणाची योजना जैसलमेरच्या बहुतेक हवेल्यांत असते. चौक वर उघडा. रात्री थंड हवा खाली उतरते व सकाळी बराच वेळ तेथेच राहते. चौकाभोवती ओसऱ्या, त्यांच्या मागे खोल्या. खालच्या मजल्यावर बैठक, पेढी व मालाची कोठारे, वर कुटुंबाचा राबता, अशी वाटणी. खोल्यांच्या भिंतींत जागोजाग कोनाडे व गुप्त कप्पे. पहिल्या हवेलीत भिंतींवर रंगचित्रे व आरसेकाम अजून पाहावयास मिळते. एका दिव्याच्या उजेडाने सारी खोली उजळावी अशी त्या आरशांची योजना आहे.

आपल्या माळव्यातील जुन्या घरांशी याची तुलना करावी. इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. लाकूड आपल्याकडे मुबलक, म्हणून आपली घरे सागवानी. परिणामी आग हा आपल्या वास्तूंचा मोठा वैरी ठरला. १९८४ सालच्या दंगलीत राजवाड्याचा मोठा भाग जळाला आणि त्याच्या मागील भागाची पुनर्बांधणी होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. जैसलमेरच्या दगडी घरांना आगीचे भय थोडे. त्यांचा वैरी निराळा, तो पुढे सांगतो.

इंदुराशी नाते

हे घराणे आपल्या शहराला परके नाही. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली, आणि लढायांनी विस्कटलेल्या माळव्यात व्यापार पुन्हा सुरू झाला. पाच भावांपैकी जोरावरमल यांची पेढी त्या काळी इंदुरात नावाजलेली होती. त्याच सुमारास मेवाडचा खजिना रिता पडला होता. तेथील पोलिटिकल एजंट कर्नल टॉड यांच्या सल्ल्याने महाराणा भीमसिंह यांनी जोरावरमल यांना इंदुराहून उदयपुरास बोलावून घेतले. राज्याचा खर्च त्यांच्या पेढीतून व्हावा आणि राज्याचे उत्पन्न त्यांच्या पेढीत जमा व्हावे, अशी व्यवस्था ठरली. एका राज्याचा खजिना एका जैन सावकाराच्या वहीवर चालला, यावरून त्यांच्या पतीचा अंदाज यावा. जोरावरमल यांचे देहावसान १८५३ साली इंदुरातच झाले.

त्यांच्याच वंशात पुढे १८८२ साली उदयपुरास सिरेमल बापना जन्मले. तेच सर सिरेमल बापना. १९२६ साली महाराजा तुकोजीराव तिसरे पदावरून दूर झाले व यशवंतराव होळकर अल्पवयीन होते, तेव्हापासून १९३९ पर्यंत होळकर राज्याच्या कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'बापनासाहेब' हे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांना जैसलमेरच्या त्या गल्लीचे आणि आपल्या गावाचे नाते निराळे सांगावयास नको.

एक अप्रिय सत्य

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण स्मरणिकेत केवळ गौरवच लिहावा असा प्रघात पडला आहे. या वैभवात जर, रेशीम व व्याज यांच्याबरोबर अफूचाही वाटा होता. आणि ती अफू आपल्या माळव्याची.

त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीला चीनकडे जाणाऱ्या अफूवर आपली पकड हवी होती. बंगालची अफू तिच्या हाती होतीच. माळव्याची मात्र देशी संस्थानांत पिके. कंपनीने मुंबईकडील वाटांवर निर्बंध घातले तेव्हा व्यापाऱ्यांनी दुसरी वाट धरली. माळव्यातून पाली, तेथून जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची आणि तेथून जहाजाने पोर्तुगीजांचे दमण. उंटांचे तांडे वाढले, जकात वाढली, जैसलमेरच्या पेढ्या भरभराटीस आल्या. ज्या वर्षांत या हवेल्या मजल्यावर मजले चढवीत होत्या, ती हीच वर्षे.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे धंदे. त्यांत विषवाणिज्य हेही एक आहे. त्या काळी अफू हा औषधाचा व नित्य व्यवहाराचा माल मानीत, राजे आणि सरकार दोघेही तो खपवीत, हे खरे. आणि आज आपल्या सोयीच्या गादीवर बसून पूर्वजांना दोष देणे हेही शोभत नाही. परंतु नातवाने विचारले की "हे कोणत्या पैशातून बांधले?", तर उत्तर अर्धे देऊ नये. जमाखर्चात जमेची बाजू दाखवावयाची आणि नावेची झाकावयाची, याला आपल्या बाजारात काय म्हणतात हे सांगणे न लगे.

हवेली रिकामी का झाली

जैसलमेरात एक दंतकथा सांगतात. एका धर्मगुरूंनी पटव्यांना सांगितले होते की तुम्ही हे गाव सोडा, बाहेर तुमची बरकत आहे. ते बाहेर गेले, धनवान झाले, आणि तो सल्ला विसरून परत येऊन त्यांनी येथेच घर बांधले. म्हणून पुढे लक्ष्मी रुसली. कथा ऐकावयास बरी आहे. पण खरे कारण व्यापाऱ्याला समजेल असे साधे आहे. मार्ग बदलला.

१८४३ साली कंपनीने सिंध जिंकला. कराचीची वाट तिच्याच हाती गेल्यावर जैसलमेरवरून अफू नेण्यात अर्थ उरला नाही. ती इंदुरावरून मुंबईस जाऊ लागली. १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मुंबई बंदराचे माहात्म्य वाढले. त्याच सुमारास तुकोजीराव दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि माळव्याचा माल थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. म्हणजे ज्या घटनांनी आपले इंदूर वाढले, त्याच घटनांनी जैसलमेर ओस पडले. आपल्या आजोबा-पणजोबांची भरभराट आणि त्या गल्लीचा शुकशुकाट या एकाच हुंडीच्या दोन बाजू आहेत.

घराण्याच्या शाखा जेथे पेढ्या होत्या तेथे स्थायिक झाल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधकडील उरलीसुरली वाटही बंद पडली. जैसलमेर हे एका बंद दाराजवळचे गाव झाले. १९६५ व १९७१ च्या युद्धांमुळे सरहद्दीकडे रस्ते व रेल्वे आल्या, आणि पुढे प्रवासी येऊ लागले. सत्यजित राय यांचा १९७४ सालचा 'सोनार केल्ला' हा चित्रपट याच किल्ल्यावर घडतो. त्याने बंगालचा प्रवासी या गावाकडे वळविला. ज्या दगडांवर पूर्वी तांड्यांची जकात चाले, त्यांवर आता प्रवाशांच्या तिकिटांचा धंदा चालतो.

संरक्षण म्हणजे काय

आज या पाचांपैकी पहिल्या हवेलीत खाजगी संग्रहालय आहे. काही भाग राजस्थान शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तो संरक्षित आहे. राजस्थानात यासाठी १९६१ चा कायदा आहे. केंद्राचा कायदा १९५८ चा. संरक्षित वास्तू म्हटली की 'सरकारने घर हिरावले' अशी आपल्या लोकांची समजूत असते. ती बरोबर नाही. वास्तू खाजगी मालकीची राहूनही संरक्षित असू शकते. मालकाला ती पाडता येत नाही किंवा मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. केंद्राच्या संरक्षित स्मारकांबाबत २०१० च्या दुरुस्तीने सभोवतालच्या १०० मीटरांत नवे बांधकाम मना आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. हे जाचक वाटते, हे मी व्यापारी या नात्याने मान्य करतो. पण हा जाच नसता तर त्या गल्लीत आज काय उभे असते, याचा विचार करावा.

आता त्या दगडी घरांच्या वैऱ्याविषयी. तो म्हणजे पाणी. जे गाव घागरीने पाणी वापरावयाचे, त्याला नळ आले. जुन्या भिंतींतून नळ गेले, मोऱ्या झाल्या, आणि सांडपाणी पायात मुरू लागले. जैसलमेरच्या किल्ल्याचे याच कारणाने मोठे नुकसान झाले. किल्ल्याखालच्या थरांना पाणी लागले की ते फुगतात व सरकतात. बुरूज ढासळले, आणि १९९६ साली हा किल्ला जगातील धोक्यातील वास्तूंच्या यादीत गेला. २०१३ साली राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, तरी पाण्याचा प्रश्न मिटलेला नाही. आठशे वर्षे शत्रूंपुढे उभा राहिलेला किल्ला गळक्या नळापुढे हतबल व्हावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्यासाठी बोध

हे सारे लिहिण्याचे प्रयोजन जैसलमेरची तारीफ करणे हे नाही. आपल्या गावातील आपल्याच घरांचे काय, हा खरा प्रश्न.

माझ्या आजोबांचे घर दुमजली, सागवानी खांबांचे, पुढे ओटी आणि मागे धान्याची बळदे. १९९४ साली आम्ही तिघा भावांनी ते पाडून तेथे गोदाम केले. वाटणी सोपी झाली, भाडेही बरे आले. पाडताना एका भिंतीतील कप्प्यात लाल कापडात बांधलेल्या पन्नास-साठ वह्या निघाल्या, मोडी व महाजनी अक्षरांतल्या. वाचता कोणालाच येत नव्हत्या. त्या आम्ही रद्दीत घातल्या. किती किलो भरल्या ते मला अजून आठवते, कारण वजन मीच केले. त्यांत काय होते ते आता कोणालाही कधी कळणार नाही. जैसलमेरच्या त्या चौकात, काचेच्या पेटीत मांडलेल्या जुन्या वह्या पाहताना मला प्रथम आठवले ते हे.

तेव्हा, ज्यांची घरे अजून उभी आहेत अशा बांधवांना वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सुचवितो.

पहिली : घर ठेवणे शक्य नसेल तर नसो, परंतु पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा, मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. घरातील ज्येष्ठ बायकांना विचारून कोणत्या खोलीला काय म्हणत, कोठे काय होत असे, हे लिहून घ्यावे. घराची खरी माहिती त्यांच्याकडे असते.

दुसरी : जुन्या वह्या, हुंड्या, खरेदीखते, यात्रेची पत्रे रद्दीत घालू नयेत. वाचता येत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. मोडी वाचणारे अजून आहेत. अभिलेखागारे व संशोधन संस्था असे कागद आनंदाने पाहतात.

तिसरी : दुरुस्ती करावयाची तर जुन्या भिंतीला सिमेंट फासू नये. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंट ती आत कोंडते, आणि गिलावा वरून धड दिसत असताना आतील वीट भुसभुशीत होते. नळ, मोरी व पन्हळ यांची तपासणी दर पावसाळ्यापूर्वी करावी. धान्याच्या गोदामाला ओल लागली तर आपण रात्रीतून धावतो. घराच्या बाबतीत मात्र दहा वर्षे 'पाहू' म्हणतो.

चौथी व सर्वांत महत्त्वाची : वारसांचा करार वडीलधारे हयात असतानाच लेखी करून ठेवावा. घर कोणाचे, दुरुस्तीचा खर्च कोणी किती करावयाचा, कोणता भाग कोणी वापरावयाचा, हे स्पष्ट असावे. आपल्याकडील बहुतेक जुनी घरे पावसाने पडत नाहीत. भावाभावांच्या अबोल्याने पडतात. आणि घराचा एखादा भाग तरी वापरात ठेवावा. पाठशाळा, वाचनालय, यात्रेकरूंसाठी दोन खोल्या, काहीही चालेल. जेथे रोज केर निघतो ते घर टिकते.

समारोप

कोणी म्हणेल, आपला धर्म अपरिग्रहाचा. मग दगडमातीच्या घराचा एवढा लोभ कशाला? शंका रास्त आहे. परिग्रहपरिमाणव्रतात ज्या वस्तूंची मर्यादा घालावयाची त्यांत क्षेत्र आणि वास्तू यांची नावे आरंभीच येतात. माझ्या धंद्याचे धान्यही त्याच यादीत आहे. परंतु मर्यादा घालणे म्हणजे नासाडी करणे नव्हे. जे आपल्या हाती आले आहे ते जपून वापरावे आणि पुढच्यास धड द्यावे, हा त्या व्रताचाच भाग आहे, असे माझ्या अल्प मतीस वाटते. पाच भावांनी पाच घरे बांधली, पण राहावयास फार काळ मिळाला नाही. त्यांचे नाव राहिले ते सिलावटांच्या हातामुळे, आणि पुढे ज्यांनी ती घरे पाडली नाहीत त्यांच्यामुळे.

नातवाला मी नंतर सांगितले, "मार्ग बदलला, म्हणून ते लोक गेले. आणि त्यांच्यातील काही आपल्याच गावी आले." त्यावर तो म्हणाला, "मग आपल्या गावातील त्यांचे घर कोठे आहे? ते पाहू." आम्ही दोघांनी एका रविवारी जुन्या बाजारातील गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या. पुष्कळ ठिकाणी नवी दुकाने होती. काही ठिकाणी अजून जुने खांब, जुनी दारे, एखादा कोरीव कंस दिसला. नातवाने प्रत्येकाचे छायाचित्र घेऊन खाली गल्लीचे नाव व तारीख लिहिली. ती वही आता आमच्या पेढीवर आहे. ज्या सभासदांना आपल्या घराची नोंद तीत व्हावी असे वाटेल त्यांनी अवश्य कळवावे. आम्ही आजा-नातू येऊन नोंद करू.

लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी. मिच्छामि दुक्कडम्.